जिन्याखालचा उजेड

आमच्या घरीं जुन्या फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. तींत आईचे म्हणून दाखवितां येतील असे अकरा फोटो आहेत, आणि त्यांपैकीं नऊ फोटोंत तिचा चेहरा दिसत नाहीं. यांत आईचा दोष नाहीं, व फोटो काढणाऱ्या आमच्या वडिलांचाहि नाहीं. दोष असलाच तर तो गिरगांवांतील आमच्या चाळीच्या बांधणीचा आहे. दोन खोल्या, पुढें सर्वांना सामाईक अशी गॅलरी, आणि त्या गॅलरींत उघडणारें एकच दार. घरांत जो कांहीं उजेड यावयाचा तो त्या दारानें. आणि दुपारचीं कामें आटोपल्यावर आई घटकाभर टेके तीहि त्याच दारांत. वडील शेजाऱ्याचा मागून आणलेला कॅमेरा डोळ्यास लावून आंतल्या खोलींतून म्हणत, "इकडे पाहा." ती पाही. फोटो तयार होऊन येई तेव्हां समोरची चाळ, तिच्या कठड्यावर वाळत घातलेलीं धोतरें, फार काय, तारेवर बसलेला कावळाहि स्वच्छ दिसे. आणि दारांत आईच्या आकाराचा एक काळा तुकडा बसलेला असे.

लहानपणीं आम्ही वडिलांस विचारीत असूं कीं, आपल्याला धडधडीत दिसणारी आई कॅमेऱ्याला कां दिसूं नये? ते म्हणत, "डोळ्याला जमतं तें कॅमेऱ्याला जमत नाहीं." या उत्तरांत किती शास्त्र भरलेलें होतें तें समजण्यास आम्हांस साठी उलटावी लागली. शहरांतील रोजचीं दृश्यें त्यांच्या उन्हासह व काळोखासह टिपण्याचा जो छंद आम्हांस अलीकडे जडला आहे, व ज्यास इंग्रजी संज्ञेवरून 'हाय डायनॅमिक रेंज' किंवा नुसत्या आद्याक्षरांनीं 'एच्. डी. आर.' छायाचित्रण म्हणतात, त्याचें मूळ या नऊ काळ्या तुकड्यांत आहे. छंदाचें पुराण लावून वाचकांचा अंत पाहण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या छंदामुळें आमच्या हातून झालेली एक चूक आमच्या ध्यानांत आली. ती सांगावयाची तर आधीं छंदाची ओळख करून देणें प्राप्त आहे.

भर दुपारीं उघड्यावर जें ऊन पडतें त्याचें माप सुमारें एक लक्ष लक्स भरतें. त्याच घटकेला चाळीच्या आंतल्या खोलींत हा आंकडा शंभराच्या आसपास गेला तरी पुष्कळ. म्हणजे एकाच उंबऱ्याच्या अलीकडे व पलीकडे हजारपटीचें अंतर. छायाचित्रकार हें अंतर दुपटीच्या पायऱ्यांनीं मोजतात आणि प्रत्येक पायरीस 'स्टॉप' म्हणतात. एकाची दहा वेळां दुप्पट केली कीं १०२४ होतात; तेव्हां आमच्या उंबऱ्याचा जिना दहा पायऱ्यांचा झाला. त्यांत बाहेरचीं धोतरें पांढरीं आणि आंतली किटली काळी, म्हणजे आणखी कांहीं पायऱ्या वाढल्या. इतका मोठा जिना जुन्या साध्या कॅमेऱ्यास एका दमांत चढवत नसे, व छापील कागद तर त्याहून कृपण: पांढऱ्या कागदापासून काळ्या शाईपर्यंत त्याच्या पदरीं सहा-सात पायऱ्याच असतात.

मग डोळ्यास हें कसें साधतें? खरें सांगावयाचें तर डोळ्यासहि एका क्षणांत साधत नाहीं. साधलें असें आपल्याला वाटतें मात्र. उजेडांत बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत आकसते व अंधारांत सात-आठपर्यंत फुलते, पण तेवढ्यानें भागत नाहीं. अधिक मोठें काम डोळ्याच्या आंतल्या पडद्याला करावें लागतें, आणि तो सावकाश काम करणारा आहे. उन्हांतून अंधाऱ्या जागीं शिरल्यावर त्याची तयारी पुरी होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. आपण दाराकडे पाहतों तेव्हां डोळा उन्हाचा होतो, कोपऱ्याकडे पाहतों तेव्हां काळोखाचा होतो, आणि या सुट्या तुकड्यांची गोधडी मन मागें बसून शिवीत असतें. आपण ती पांघरतों आणि म्हणतों, सगळें एकदम दिसलें.

यंत्रालाहि ही गोधडी शिवावयास लावणें, हेंच या छायाचित्रणाचें मर्म होय. एक फोटो बाहेरच्या उन्हाच्या बेतानें घ्यावयाचा, दुसरा दारांतील माणसाच्या, तिसरा आंतल्या कोपऱ्याच्या. आणि तिहींतील चांगला तेवढा भाग निवडून एक चित्र करावयाचें. कल्पना नवी नव्हे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे गृहस्थ त्या विद्येच्या नादीं लागले. त्याच दशकांत, १८५६-५७ च्या सुमारास, फ्रान्सचे गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो घेत होते. त्या काळच्या कांचेवरील लेपावर निळ्या उजेडाचा परिणाम फार. त्यामुळें समुद्र नीट उतरला कीं आकाश कोरें पांढरें होई. ल ग्रे यांनीं आपल्या कांहीं चित्रांत आकाश एका कांचेवर घेतलें, समुद्र दुसरीवर घेतला, आणि दोहोंची सांधेजोड क्षितिजाच्या रेघेवर केली. पुढें विसाव्या शतकांत अमेरिकेंत चार्ल्स वायकॉफ यांनीं कमीअधिक जाग असलेले तीन थर एकाच फिल्मवर चढवून अणुस्फोटांचे फोटो घेण्याची सोय केली. हा सारा खटाटोप गणिताच्या पक्क्या पायावर आणण्याचें श्रेय ज्यांस देतात त्यांत पॉल डेबेव्हेक आणि कानपूरच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी असलेले जितेंद्र मलिक हीं दोन नांवें ठळक आहेत. त्यांचा निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. आणि २०१० नंतर ही विद्या मोबाईल फोनांत शिरून घरोघर पोंचली. ज्यासाठीं ल ग्रे यांना दोन कांचा वागवाव्या लागल्या तें काम आमचा भाचा चहाचा कप एका हातांत धरून दुसऱ्या हातानें करतो.

आम्ही मात्र जुन्या वळणाचे. तिवई खांद्यावर टाकून आम्ही मुंबईभर हिंडूं लागलों. दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींच्या कमानींखालून पदपथ जातो. तेथें आंत सांवळा गारवा आणि प्रत्येक कमानीबाहेर डोळे दिपविणारा रस्ता. १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईंत, छपराखालीं फळांच्या राशी अर्ध्या अंधारांत झोंपलेल्या, आणि दरवाज्यांत मात्र उन्हाचे पत्रे उभे केल्यासारखे. असल्या जागा पाहिल्या कीं आम्हांस आमचा उंबरा आठवे, आणि आम्ही तिवई मांडून बसूं.

या उद्योगांत दोन गोष्टी लौकरच कळल्या. पहिली ही कीं, यंत्राची कृपा स्थिरावर असते. तीन फोटो घेण्यांत जो काळ जातो तेवढ्यांत जो हलला त्याचें भूत होतें. या शास्त्राचे पंडितहि त्यास भूतच म्हणतात. बोरीबंदरासमोर सायंकाळीं आम्हीं घेतलेल्या एका चित्रांत १८८८ सालीं पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचा दगडन् दगड शाबूत आला, आणि तिच्यापुढून लोकल गांठण्यास धांवणारीं शेंकडों माणसें धुराच्या पट्ट्यांसारखीं उमटलीं. एका हातगाडीवाल्याचीं डोकीं तीन आणि पाय एकहि नाहीं. संगणकास सांगितलें तर तो हीं भुतें पुसूनहि देतो. मग चित्र फार निर्मळ दिसतें, आणि त्यांत शहर उरत नाहीं; कारण शहराचें काम चालतें तें हलणाऱ्यांवर.

दुसरी गोष्ट ताईनें शिकविली. तिन्ही फोटोंतून जमविलेला उजेडाचा लांबलचक जिना शेवटीं कागदाच्या सहा-सात पायऱ्यांत बसवावाच लागतो, आणि ही दाबादाब जपून केली नाहीं तर ढग लोखंडाचे होतात, आकाश नीळ घातलेल्या धुण्यासारखें दिसतें, आणि प्रत्येक इमारतीभोंवतीं देवाच्या तसबिरींतल्यासारखें तेजोवलय उगवतें. आमचें भुलेश्वराच्या गल्लीचें असेंच एक चित्र आम्हीं मोठ्या अभिमानानें ताईपुढें ठेविलें. तिनें चष्मा लावला, काढला, आणि विचारलें, "हें भुलेश्वर आहे कीं सर्कशीचा तंबू?" आम्हीं शास्त्र सांगूं लागलों. ती म्हणाली, "तें असेल रे. पण तूं सावलीच पुसून टाकलीस. आतां ऊन कोणतें तें कसं ओळखायचं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तेव्हांपासून आम्ही काळोख पुसण्याच्या भरीस पडत नाहीं. त्यांत काय आहे तें कळण्यापुरताच तो विरळ करतों.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आतां मूळ गोष्टीकडे वळतों. आमची चाळ पाडून तेथें उंच इमारत बांधावयाचें ठरलें आहे. भाडेकरूंच्या मंडळाचे चिटणीस आम्हीच. चाळींतील बत्तीस बिऱ्हाडांची यादी आम्हीं स्वहस्तें केली, भाडेपावत्यांशीं ताडून तीनदां तपासली, आणि एक नांव गळलें नाहीं म्हणून सभेंत आमची वाखाणणी झाली. पाडकाम सुरू होण्यापूर्वीं चाळीच्या प्रत्येक भागाचें चित्र ठेवावें असेंहि ठरलें, व आमचा छंद सर्वांस ठाऊक असल्यामुळें तें काम आमच्याकडे आलें. गेल्या वैशाखांत एका दुपारीं आम्हीं समोरच्या पदपथावर तिवई लावली आणि चाळीच्या मुख्य दाराचे पांच फोटो घेतले. दाराबाहेर रणरणतें ऊन. आंत लांकडी जिना. आणि जिन्याखालीं नुसता काळोख. तेथें एक इस्त्रीवाला बसतो एवढें आम्हांस ठाऊक होतें. गेलीं अठ्ठावीस वर्षें आमचे सदरे त्या काळोखांत चुरगळलेले जात व घडी होऊन परत येत. जाणें-येणें सदऱ्यांचें, आमचें नव्हे.

रात्रीं घरीं बसून आम्हीं ते पांच फोटो एकत्र केले आणि जिन्याखालचा काळोख हळूहळू विरळ करूं लागलों. प्रथम टेबल दिसलें. त्यावर कोळशाची इस्त्री. मग मागल्या भिंतीवरची एक फळी, तिच्यावर विठोबाची लहान तसबीर व ॲल्युमिनियमचा डबा. फळीखालीं गुंडाळलेली वळकटी. खिळ्यास टांगलेली पिशवी. एवढ्यावर आम्ही थांबणार होतों. परंतु तसबिरीच्या उजवीकडे भिंतीवर कांहीं बारीक रेघा दिसल्या. आम्हांस वाटलें, यंत्राची कांहीं खोड असावी. चित्र मोठें करून पाहिलें. पेन्सिलीच्या आडव्या रेघांच्या दोन ओळी होत्या. प्रत्येक रेघेशेजारीं सालाचा आंकडा. घरांतील मुलांची उंची मोजून ठेवण्याची रीत आपल्यांतील कोणत्या घरांत नाहीं? आमच्या दाराच्या चौकटीवरहि आमच्या रेघा आहेत. सर्वांत खालची रेघ आमच्या कमरेच्या खालीं, सर्वांत वरची खांद्याशीं. चौदा वर्षें आम्हीं मोजलीं.

दुसरे दिवशीं आम्ही खालीं गेलों. उंबरा ओलांडून आंत येतांच नेहमींप्रमाणें डोळ्यांपुढें काळें झालें. नेहमीं आम्ही कठड्यास हात लावून तसेच जिना चढूं लागतों, त्या दिवशीं थांबलों. हळूहळू टेबल दिसलें, मग तो दिसला, मग त्याच्या मागची भिंत. आम्हीं रेघांकडे बोट दाखविलें.

तो म्हणाला, "पोरं गांवाकडंच ऱ्हायची, सर. मे म्हैन्यात यायची. आली की पैलं हितं उभी करायचो." मुलगा आतां साताऱ्यास गाडी चालवितो, मुलीचें लग्न झालें. रेघा थांबल्या त्या त्यामुळें.

आम्ही म्हणालों, "इतकीं वर्षें जातों येतों, पण हें कधीं दिसलं नाहीं." आमच्या बोलण्यांत क्षमा मागण्याचा सूर असावा, पण त्यानें तो मनावर घेतला नाहीं. इस्त्री उभी करून ठेवीत तो सहज म्हणाला, "उन्हातनं येणाऱ्याला हितलं दिसत न्हाई. मला हितनं समदं दिसतंय." आणि आम्हांस खरें वाटावें म्हणून त्यानें दाखला दिला. "तुमच्या आई भाजी घेऊन आत यायच्या, तवा डोळं मिटून हितं गप उभ्या ऱ्हायच्या. काळोखाची सवं होईस्तवर. मग डोळं उघडून, 'जेवलास का रं' म्हणून जिना चढायच्या."

आईची ही संवय आम्हांस ठाऊक नव्हती. ती वरती दारांत बसलेली आम्हीं पाहिली होती, तिचे काळे तुकडे आम्हीं पेटींत जपले होते; पण उन्हांतून काळोखांत येतांना ती डोळ्यांना वेळ देई, आणि तो वेळ दिल्यामुळें तिला जिन्याखालचा माणूस दिसे, हें सांगावयास तो काळोखांतला माणूसच लागला. शास्त्रानें ज्यास वीस मिनिटें लागतात म्हणून सांगितलें, त्यांतलीं अर्धे मिनिट तरी तिनें रोज खर्च केलें होतें. आम्हीं अठ्ठावीस वर्षांत तेवढेंहि केलें नव्हतें.

वर येऊन आम्हीं यादी काढली. बत्तीस बिऱ्हाडें, बत्तीस पावत्या. जिन्याखालचें नांव तींत नव्हतें. तें आम्हीं गाळलें होतें असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण गाळण्यासाठीं आधीं दिसावें लागतें. पुढच्या सभेंत आम्हीं विषय काढला व चित्र सर्वांपुढें ठेविलें. सभासद मंडळी निष्ठुर नाहींत, पण व्यवहारी आहेत. एकानें विचारलें, त्याची पावती कोठें आहे? दुसऱ्यानें विचारलें, यंत्रानें कोपरा उजळला म्हणून हक्कहि उजळतो कीं काय? प्रश्न रास्त होता, आणि आम्हांस तो आजहि रास्त वाटतो. फोटो म्हणजे पावती नव्हे. फोनचा पडदा विझविला कीं जिन्याखालीं पूर्वींइतकाच काळोख. आम्हीं एवढेंच म्हणालों कीं, अठ्ठावीस वर्षें आपले कपडे ज्यास सांपडत आले त्याची जागा आपल्याला सांपडूं नये, याचा दोष पावतीच्या माथीं मारतां येत नाहीं. बरीच चर्चा झाली. अखेरीस असा ठराव झाला कीं, नव्या इमारतीच्या दारीं इस्त्रीच्या टेबलापुरती जागा राखून ठेवावी अशी मागणी बांधणाऱ्यांकडे मंडळाच्या नांवानें लेखी करावी. पत्र आम्हींच लिहिलें व सोबत तें चित्र जोडलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

तें चित्र आम्हीं ताईसहि दाखविलें. त्यांत बाहेरचें ऊन ऊनच आहे व जिन्याखालीं काळोखहि आहे. फक्त त्या काळोखांत माणसाची वस्ती आहे हें कळतें. ताईनें तें बराच वेळ हातांत धरलें. सर्कशीचें नांव तिनें काढलें नाहीं. मग ती म्हणाली, "आईच्या फोटोंचंहि असं कांहीं करतां येईल का रे?"

आम्हीं तेंहि करून पाहिलें होतें. पेटींतल्या निगेटिव्ह काढून, त्यांच्या प्रती संगणकांत घालून, काळा तुकडा जितका उजळतां येईल तितका उजळला. हातीं राखाडी रंग आला. आई आली नाहीं. या विद्येचा नियम कठोर आहे. जो उजेड त्या क्षणीं कोणत्याच फोटोंत टिपला गेला नाहीं तो मागाहून कोणतेंहि यंत्र आणून देऊं शकत नाहीं. ज्याची नोंद अंधुक कां होईना पण झालेली असते, तेवढेंच वर काढतां येतें. फोटोंच्या बाबतींत आमची वेळ गेली. यादीच्या बाबतींत ती जाण्यापूर्वीं चाळ अजून उभी होती, हें आमचें नशीब.

हल्लीं दुपारीं बाहेरून आलों म्हणजे आम्ही उंबऱ्याच्या आंत जरा उभे राहतों आणि डोळे मिटतों. तेवढ्यांत वरून येणारा कोणी विचारतो, बरं वाटत नाहीं का? आम्ही हंसतों. डोळे उघडून उजव्या हाताला पाहतों, आणि तो दिसला म्हणजे विचारतों, "जेवलास का?"